ग्रीक देव सोलापुरात येतो कशाला?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही किशोर वाचकांसाठी कादंबरी लिहायला घेतली आहे. दक्षिण कसब्यात राहणाऱ्या नववीतल्या मुलाला एक दिवस कळतं की आपण ग्रीक देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा आहोत. त्याच्या हातात वीज येते, होम मैदानावर ऑलिम्पसचे देव उतरतात आणि लढाई सुरू होते. बरीच पानं लिहून झाल्यावर आता तुम्हालाच ते खोटं वाटायला लागलं आहे. हे खोटं का वाटतं, आपल्याकडे इतक्या कथा असताना ग्रीक देव घ्यावेत का, आणि झ्यूसने बायकांवर केलेल्या जबरदस्तीचं बारा-चौदा वर्षांच्या वाचकांसमोर काय करायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी बरीच वर्षं कुमारांसाठी लिहिते आहे आणि नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचते. मधला प्रश्न आधी उरकते, कारण तो सोपा आहे. ग्रीक देव जरूर घ्या. पुराणकथा कुणाच्या सातबाऱ्यावर नसतात. सोलापूर तर असं शहर आहे की इथलं मूल घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि गल्लीत दखनी बोलत मोठं होतं. दुसऱ्याच्या गोष्टीत शिरायची सवय त्याला जन्मापासून असते.

आता पहिला प्रश्न. तुमच्या देवांना सोलापुरात यायचं काही कारणच नाही. कादंबरीला देव हवे आहेत म्हणून ते उतरतात. मुलाला वीज मिळते, पण त्या बदल्यात त्याच्याकडून काहीच जात नाही. ग्रीक कथांमध्ये फुकट काही मिळत नाही. तिथे प्रत्येक गोष्टीला अट असते, अट मोडली की किंमत असते, आणि ती किंमत पुष्कळदा भलताच माणूस चुकवतो. गायक ऑर्फियसला मेलेली बायको पाताळातून परत मिळते, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. पाताळाच्या राजाने पळवून नेलेल्या पर्सेफनीला आईकडे परत जाता येतं, पण पाताळात काही खाल्लेलं नसेल तरच. या अटी काढून टाकल्या तर उरतात फक्त देवांची नावं आणि त्यांची शस्त्रं. तुमच्या हस्तलिखितात आज तेवढंच आहे.

म्हणून देव निवडण्याआधी अट निवडा. एक अट मी सुचवते. ती मला फार आवडते आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

हेसिअड नावाच्या कवीची 'थिऑगनी' इ.स.पू. ७०० च्या सुमाराची आहे. १०२२ ओळींची, म्हणजे एका बैठकीत वाचून होते. देवांचा जन्म आणि त्यांच्या वंशावळी त्यात सांगितल्या आहेत. शेवटाकडे पाताळातल्या स्टिक्स नदीचं वर्णन येतं. देवांना शपथ घ्यायची असली की या नदीचं पाणी आणतात. ती शपथ मोडणाऱ्या देवाला शिक्षा ठरलेली आहे. पूर्ण एक वर्ष तो निपचित पडून राहतो. श्वास नाही, वाचा नाही, देवांचं खाणंपिणं नाही. वर्ष सरलं की शिक्षेचा दुसरा भाग सुरू होतो. नऊ वर्षं तो वाळीत. देवांच्या सभेत जायचं नाही, पंगतीला बसायचं नाही. दहाव्या वर्षी परत घेतात.

ही नऊ वर्षं तो देव कुठे काढतो, हे हेसिअडने सांगितलेलं नाही. इथे तुमच्यासाठी दार उघडं आहे. वाळीत टाकलेला देव सोलापुरात येऊन राहू शकतो, आणि आता त्याला इथे असण्याचं खणखणीत ग्रीक कारण आहे. तो लढायला आलेला नाही, दिवस काढायला आला आहे. तो किती वर्षं इथे आहे, किती उरली, कोणती शपथ मोडली, हे वाचकाला हळूहळू कळत जाईल. पानं उलटायला लावणारी गोष्ट आयती तुमच्या हातात येते.

कोणता देव? मी समुद्राचा देव पोसायडन घेईन. सोलापूरला समुद्र नाही, म्हणून हे विचित्र वाटेल. पण पोसायडन भूकंपाचा आणि घोड्यांचाही देव आहे, आणि त्याची एक जुनी जखम आहे जी आपल्या गावाला नीट कळेल. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या एकविसाव्या सर्गात तो स्वतः अपोलो देवाला तिची आठवण करून देतो. झ्यूसच्या हुकमावरून दोघांनी ट्रॉयच्या लाओमेडॉन राजाकडे वर्षभर ठरलेल्या मजुरीवर काम केलं. पोसायडनने नगराची तटबंदी बांधली, अपोलोने डोंगरात गुरं राखली. वर्ष भरल्यावर राजाने सगळी मजुरी बुडवली. वर दम दिला की हातपाय बांधून दूरच्या बेटांवर विकून टाकीन आणि दोघांचे कान कापीन.

मजुरी बुडालेला देव! जिथे १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल बंद पडून दशकं लोटली, तरी घराघरांत तिथल्या भोंग्याची आणि हिशेबाची गोष्ट सांगितली जाते, त्या गावात हा देव परका राहणारच नाही. त्याला पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात कामाला लावा. पहिला प्रसंग किती साधा होऊ शकतो, ते नुसतं दाखवण्यासाठी चार ओळी लिहिते:

"नाव?" मुनिमाने मस्टर उघडलं.
"सांगण्यासारखं नाही."
"मग मस्टरला काय लावू बे?"
त्याने पेन मागून घेतलं, एक उभी रेघ मारली आणि तिच्यावर तीन टोकं काढली. मुनिमाने ते बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "सिद्धेश्वर महाराज की जय. उद्या सकाळच्या पाळीला ये."

मुनिमाला तो शंकराचा त्रिशूळ वाटला. पोसायडनचं शस्त्रही तीन टोकांचंच आहे. वाचणाऱ्या मुलाला पुढे कधीतरी हे कळेल तेव्हा तो मागची पानं काढून बघेल. देव कसा ओळखू यावा, हे ज्या त्या गावावर सोडून द्यावं. इथे प्रकाशाचा झोत नको आणि आकाशवाणी तर नकोच.

या कथेचा खरा जीव मात्र पुढे आहे. लाओमेडॉनवर सूड म्हणून पोसायडनने समुद्रातून राक्षसी जनावर पाठवलं. ते राजावर गेलं नाही. ते किनाऱ्यावरच्या लोकांना मारत सुटलं, आणि त्याला शांत करायला राजाच्या मुलीला, हेसिओनीला, खडकाला बांधावं लागलं. मजुरी बुडवली बापाने आणि खडकावर गेली मुलगी. पुढे हेराक्लीस या वीराने तिला सोडवलं, तर त्यालाही ठरलेलं बक्षीस न देता राजाने दुसऱ्यांदा शब्द मोडला.

आता बघा तुमचा नायक कुठे उभा राहतो. मी तिथे मुलगी घेईन, तेरा-चौदा वर्षांची. बाप त्याच कारखान्यात, आई घरी विड्या वळते, हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे जातात. मजुरी कापली जाणं म्हणजे काय, हे त्या मुलीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याच्या मालकाची मुलगी तिच्याच वर्गात, एकाच बाकावर. मालक कामगारांचे पैसे अडकवतो, जुन्या उचलीच्या नावाखाली कापून घेतो. वाळीतला देव हे बघतो, आणि त्याची हजारो वर्षांची जखम उघडी पडते. न्याय त्याच्या बाजूने आहे, मुलीच्या बापाच्याही बाजूने आहे. पण त्याचा सूड पडणार आहे बाकावरच्या मैत्रिणीवर. मुलीने काय करायचं? देवाला थांबवलं तर बापाची मजुरी गेली. थांबवलं नाही तर मैत्रीण गेली.

किशोर कादंबरीला याहून मोठी लढाई लागत नाही. या वयात मुलांना न्याय-अन्याय फार तीव्रतेने दिसतो आणि घरचे मोठे लोक त्याबद्दल गप्प का बसतात, याचा राग येतो. त्या रागाला जागा द्या. शेवट कसा करायचा तो तुम्ही ठरवा. माझी एवढीच अपेक्षा आहे की मुलीने देवाला शक्तीने हरवू नये. तिने त्याला त्याच्याच नियमात पकडावं. शपथ मोडल्याची शिक्षा तो भोगतोच आहे, तेव्हा नवी शपथ घ्यायला तो किती घाबरेल याचा विचार करा.

एक मात्र सांभाळा. पोसायडन जमीन हलवतो म्हणून ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप त्याच्या नावावर टाकू नका. आपल्याकडच्या आजी-आजोबांना ती पहाट आठवते, कित्येकांची माणसं त्यात गेली. खऱ्या मृत्यूंना गोष्टीतल्या देवाची करामत करणं मला पटत नाही. हवं तर आजीच्या बोलण्यात त्या पहाटेचा उल्लेख येऊ दे आणि तो ऐकून देवाने मान खाली घालून उठून जाऊ दे.

पोसायडन नको असेल तर सोलापूरसाठी अराक्नीची कथा जवळजवळ शिवून ठेवल्यासारखी आहे. रोमन कवी ओव्हिडने 'मेटामॉर्फसिस'च्या सहाव्या भागात ती सांगितली आहे. अराक्नी कुणी राजकन्या नव्हती. बाप लोकर रंगवणारा, आई वारलेली, घर साधं. तिचा हात इतका सुरेख की तयार कापडच काय, ते विणलं जाताना बघायलाही वनदेवता यायच्या. विणकामाची देवी अथेना म्हातारीच्या वेशात येऊन तिला देवीची क्षमा मागायला सांगते, ती ऐकत नाही, आणि दोघी मागावर बसतात. अथेना देवांचा मोठेपणा विणते आणि चार कोपऱ्यांत गर्विष्ठ माणसांना झालेल्या शिक्षा. अराक्नी देवांनी बायकांना कसं फसवलं ते विणते, एकामागून एक. ओव्हिड स्पष्ट सांगतो की त्या कापडात अथेनालाही दोष काढता आला नाही. मग अथेना ते कापड फाडते आणि हातातला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन, अराक्नीच्या कपाळावर मारते, तीन-चार वेळा.

तो धोटा पूर्व भागातल्या कुठल्याही मुलाने घरात किंवा शेजारी पाहिलेला असतो. तो कपाळावर बसला तर काय होईल, हे त्याला माहीत आहे. चादरीवरचा मोर जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, कसा उठतो, तुटलेला ताणा कसा जोडतात, मागाच्या खडखडाटात माणसं ओठांवरून बोलणं कसं ओळखतात, हे लिहायला तुम्हाला ग्रीसला जावं लागणार नाही. एखाद्या कारखान्यात परवानगी काढून दोन-तीन दुपारी बसा. ओव्हिडच्या कथेत पुढे अराक्नी गळफास घेते आणि अथेना तिचा जाळं विणणारा कोळी करते. गळफासाचा तपशील या वयाच्या वाचकांसाठी लिहू नका, आणि तो सुटकेचा मार्ग म्हणून तर कधीच दाखवू नका. तुमच्या मुलीला अराक्नीची गोष्ट आधीपासून ठाऊक असू दे, म्हणजे ती वेगळं वागू शकेल.

पर्सेफनीबद्दल थोडं सांगते, कारण डाळिंब म्हटलं की आपल्याकडे सगळे कान टवकारतात. पर्सेफनीची आई डीमीटर हिच्या, होमरच्या नावावर असलेल्या ४९५ ओळींच्या स्तोत्रात पाताळाचा राजा हेडीस तिला डाळिंबाचा दाणा खायला घालतो आणि त्यामुळे तिला वर्षाचा तिसरा भाग पाताळात काढावा लागतो. पाश्चात्त्य गोष्टींच्या पुस्तकांत हा काळ बर्फाचा हिवाळा असतो. पण ग्रीसमध्ये पेरणी पाऊस सुरू झाल्यावर शरदात होते आणि उन्हाळ्यात रानं करपलेली असतात, म्हणून काही अभ्यासक तिचा पाताळातला काळ उन्हाळ्याचा मानतात. आपला जिल्हा रब्बीचा. मंगळवेढ्याची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि वैशाखात काळी रानं भेगाळून उघडी पडलेली असतात. म्हणजे बर्फ उसना आणायची गरज नाही. पर्सेफनी आपल्याकडे चैत्रात खाली जाते.

त्याहून जबरदस्त गोष्ट सांगोल्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. बहार धरायचा असला की डाळिंबाला ताण देतात. महिना-दीड महिना पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड वाळल्यासारखं उघडं दिसतं. मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी, की कळ्या फुटतात. मुद्दाम मरणाच्या दारापर्यंत नेऊन परत आणलेलं झाड! ज्या मुलाने बापाला हे करताना पाहिलंय, त्याला पाताळातून परत येणारी मुलगी समजावून सांगावी लागत नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या सोलापुरातच आहे. बहार किंवा तेल्या, मर यांसारख्या रोगांबद्दल शंका असली तर तिथल्या माहितीवरून तपासून घ्या. शेतीतली चूक इथला वाचक देवांच्या चुकीपेक्षा लवकर पकडतो.

आता झ्यूस. तुम्ही त्याचा मुलगा नायक केला आहे, म्हणून हा प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही. त्या मुलाची आई कोण आणि तिच्या बाबतीत काय घडलं? मूळ कथांमध्ये झ्यूस बैल, हंस, सोन्याचा पाऊस होऊन येतो, आणि पुष्कळ वेळा बाईची संमती विचारलेलीच नसते. हे गाळून त्याला लाडका, थोडा विसराळू बाप केलं तर तुम्ही मुलांशी खोटं बोलता. आणि त्या वयाच्या मुलींना बसमध्ये, क्लासच्या जिन्यावर काय सोसावं लागतं हे आपल्याला ठाऊक असताना तसं करणं मला चुकीचं वाटतं. तपशिलाची गरज नाही. जे घडलं ते आईच्या बाजूने सांगा: ती कशाबद्दल बोलत नाही, पावसाळ्यात खिडक्या का लावून घेते, मुलाला वीज आवडते हे कळल्यावर तिचा चेहरा कसा होतो. मग मुलाच्या हातातली वीज त्याला भेट म्हणून नको असेल. तुमच्या कादंबरीत आज जे सर्वांत कच्चं आहे तेच सर्वांत मोलाचं होऊ शकतं.

आणि झ्यूसला सर्वशक्तिमान करू नका. 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात त्याचा स्वतःचा मुलगा सार्पेडॉन रणात मरणार असतो. झ्यूसला त्याला वाचवायचं असतं. त्याची बायको हेरा म्हणते, वाचव, पण मग प्रत्येक देव आपापल्या मुलाला वाचवायला निघेल. झ्यूस गप्प बसतो आणि मुलासाठी पृथ्वीवर रक्ताचे थेंब पाडतो. देवांचा राजा आणि स्वतःच्या मुलापुढे हतबल. हा प्रसंग वाचल्याशिवाय झ्यूसचं एकही वाक्य लिहू नका.

आपल्या देवांशी त्यांची गाठ घालावी का? माझं उत्तर नाही असं आहे. सिद्धेश्वर, विठोबा, मार्कंडेय यांच्यासमोर लोक आज हात जोडतात. त्यांना पात्र करून ग्रीक देवांशी झुंजवलं की कादंबरी दुसऱ्याच वादात सापडते आणि मूळ गोष्ट मागे पडते. यात्रा मात्र खुशाल घ्या. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच काठ पेलत चालतात, अडुसष्ट लिंगांना फेरी होते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या गर्दीत एक परका, वाळीत पडलेला देव उभा आहे आणि त्याच्यासाठी इथे कुणी अक्षता टाकत नाही. त्याचा एकटेपणा दाखवायला एवढं पुरेसं आहे.

परदेशी कादंबरी-मालिकांमधल्या मुलांना आई-बाप आडवे येत नाहीत, ती थेट मोहिमेवर निघतात. सोलापुरातली चौदा वर्षांची मुलगी रात्री नऊनंतर दिसली नाही तर अर्धी गल्ली शोधायला निघेल. ही अडचण टाळू नका, कथानकातच घ्या. काही दिवसांआड येणारं पाणी ज्या रात्री येतं, त्या रात्री सगळी गल्ली जागी असते, बायका घागरी घेऊन नळावर, मोटारींचा आवाज, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. तिला बाहेर पडायला तीच रात्र मिळेल. म्हणजे तुमचं कथानक पाण्याच्या वेळापत्रकावर चालेल, आणि पुढची संधी कधी येईल हे कुणालाच नक्की माहीत नसेल.

भाषेबद्दल थोडंच. देवांच्या तोंडी "हे मर्त्य मानवा" घालू नका. होमरचे देव घरातल्या माणसांसारखे तडातडा भांडतात. ग्रीक नावं एका प्रकरणात दोनच्या वर नकोत, आणि विभक्ती लागल्यावर जिभेवर बसतील ती निवडा. अथेनाला, झ्यूसचा, हेराने ही चालतात. लांबलचक नावाच्या देवाला गल्लीतली पोरं टोपणनाव देतील, तेच वापरा.

उसनवारीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हेसिअड, होमर, ओव्हिड सगळ्यांचे. पण आजच्या कादंबऱ्यांनी रचलेल्या गोष्टी, देवपुत्रांची शिबिरं, देवांनुसार वाटलेली निवासं, तसले प्रशिक्षक, या त्या त्या लेखकांच्या आहेत. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातलं हिप्परगा तलावाकाठचं शिबिर मी पूर्ण काढायला सांगेन. केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा घेणार असाल तर हेही पाहून ठेवा, की देवळात अत्याचार झालेली सुंदर मुलगी ही मांडणी ओव्हिडची आहे. हेसिअडमध्ये ती गॉर्गन नावाच्या तीन राक्षसी बहिणींपैकी मरण असलेली एक, आणि दोघांमध्ये सुमारे ७०० वर्षांचं अंतर आहे. कुठली मेड्युसा घेतली ते तुमच्या मनात पक्कं असू दे.

आता पुढचं काम. आधीची पानं फाडू नका, बाजूला ठेवा. 'थिऑगनी', डीमीटरचं स्तोत्र आणि 'इलियड'चे ते दोन सर्ग वाचा. जुनी इंग्रजी भाषांतरं हक्कमुक्त आहेत आणि सहज मिळतात. नंतर एका कागदावर फक्त तीन ओळी लिहा: देवाने कोणती अट मोडली, तो सोलापुरात किती काळ आहे, आणि त्याच्या चुकीची किंमत कुणावर पडणार आहे. त्या जमल्या की पहिलं प्रकरण नव्याने लिहून काढा आणि सातवी-आठवीतल्या चार-पाच मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. "आवडलं का?" असं विचारू नका, ती भिडेपोटी हो म्हणतील. "पुढे काय होईल?" असं विचारा. प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं आणि त्यावरून त्यांच्यात भांडण लागलं, तर दुसरं प्रकरण सुरू करा.